कट म्हणायचा हक्क

एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात बारस्टोच्या बाहेर, मोहावीच्या वाळवंटात, आम्ही एक खोटा पेट्रोल पंप उभा केला होता. जाळण्यासाठीच. माझं काम म्हणजे कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून ढकलणं. हे काम मी त्या आधी अनेक वर्षं केलं होतं, आणि ज्यांच्या मागे कॅमेरा ढकलला ते सगळे नायक एकाच साच्यातले होते. उंच, दात स्वच्छ, टोपीला डाग नाही. शेवटी वाईट माणूस मरे आणि आम्ही घरी जात असू.

या सिनेमाचा नायक डॉम सार्टो. न्यूयॉर्कहून आलेला, बुटका, नाक मोडलेलं, तोंडातल्या तोंडात बोलणारा. पहिल्या दिवशी त्याला पाहून आमच्या टोळीचा मुकादम लाइल हॅगर्टी म्हणाला होता, "हा हिरो? हा तर हिरोच्या घरी नळ दुरुस्त करायला येणारा माणूस दिसतोय."

तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्यामुळे सिनेमाची गोष्ट मला लाइलनेच सांगितली, त्याच्या पद्धतीने. "एक जण लढाईवरून परत येतो. पंपावर नोकरी करतो. मालक हाकलतो. मग हा गाड्या चोरत फिरतो, आणि शेवटी परत येऊन पंप जाळतो."

"मग?"

"मग काही नाही. चालत निघून जातो. याला म्हणे नवा सिनेमा म्हणतात."

दिग्दर्शक आयरा लॅन्समन सव्वीस वर्षांचा होता. दाढी, पायात फाटके बूट. तो सगळ्यांना अरे-तुरे करी आणि स्वतःलाही करू देई. आमच्यासारख्यांना ते रुचत नसे. साहेबाला साहेब म्हटलं की आपली जागा कळते. आयराला साहेब म्हटलं की तो मागे वळून बघायचा, दुसरं कोणी आलंय का म्हणून. कोणता शॉट कुठून घ्यायचा हे तो सकाळी उठून ठरवी. लाइल त्याला 'कॉलेजकुमार' म्हणे, आणि तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी दुपारी स्टुडिओतून हार्लन प्रुइट आले. लांब पांढरी गाडी, त्या उन्हात गळ्यात टाय. प्रुइट मुळात आमच्यातलेच. पोरवयात त्यांनी दिव्यांच्या वायरी ओढल्या होत्या, नंतर ते वर चढले. आम्ही जेवणाच्या तंबूत बसलो होतो. ते आयरासमोर येऊन उभे राहिले.

"वर निर्णय झालाय," ते म्हणाले. "पोलीस येतो. तुझा माणूस पंपाशी गोळी खाऊन पडतो."

आयराने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "आणि मी लिहिलेला शेवट?"

"तोही घे. मी अडवत नाही. पण आधी पोलिसाचा. जळक्या पंपाशी कोणाला गोळी घालणार?"

"दोन्ही घेतले तर तुम्ही कोणता लावणार, मिस्टर प्रुइट?"

"ते लोक ठरवतील."

"कोणते लोक?"

"ज्यांच्या खुर्च्यांना चाकं असतात ते," डॉम पलीकडून म्हणाला. कोणी हसलं नाही. फक्त लाइलने कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं.

आयरा शांतपणे म्हणाला, "हा माणूस मेला तर सगळं फिटलं असं होतं. बघणारे उठून घरी जातील, झोपतील. मला त्यांना झोपू द्यायचं नाहीये. तो जिवंत आहे आणि कुठल्यातरी रस्त्यावर आहे, हे त्यांच्या डोक्यात राहिलं पाहिजे. एवढ्यासाठी मी हा सिनेमा केला."

"बाळ," प्रुइट म्हणाले, "पोलिसाचा शेवट आज घेतला नाहीस, तर उद्यापासून या सिनेमाशी तुझा संबंध संपला."

प्रुइट गेल्यावर आयरा उठून आमच्या बाकावर येऊन बसला. "लाइल, तुझं काय मत? मरायला हवा का तो?"

"हवा," लाइल म्हणाला. "मी तर त्याला पहिल्या गाडीच्या वेळीच मारला असता. सिनेमा लहान झाला असता, मी एव्हाना घरी असतो."

"आणि तू, पॉप?"

मला सगळी तरणी पोरं पॉप म्हणत. मी म्हणालो, "मी गाडी ढकलतो. कोण मेलं ते मला मागून दिसत नाही."

आयरा मोठ्याने हसला. त्या क्षणी तो मला जरा आवडला, हे मी कबूल करतो.

सूर्य डोंगरावर टेकायला आला तेव्हा सगळे आपापल्या जागी होतो. रूळ पंपाच्या दारापासून रस्त्याकडे गेलेले. आगीचं काम वेंडेलकडे. तो आमच्या सगळ्यांहून म्हातारा. जमिनीखालून त्याने गॅसच्या नळ्या नेल्या होत्या आणि स्वतः वाळूच्या पोत्यांमागे, हाताशी चावी ठेवून बसला होता. पोलिसाचा शॉट झाला की उरलेल्या उजेडात लगेच आग लावायची म्हणून सगळं तयार होतं. पोलिसाची गाडी उंचवट्यामागे, इंजिन चालू. आयराने हात हलवला की ती येणार. प्रुइट माझ्यापासून थोड्या अंतरावर, रुळांच्या बाजूला उभे होते.

आयराने खूण केली. कॅमेरा सुरू झाला. डॉम दारातून बाहेर आला. मी गाडी मागे घेऊ लागलो, तो येतोय तशी, त्याच्या चालीने. पंपाशी तो थांबला. इथे पोलिसाची गाडी यायची होती.

आयराचे दोन्ही हात खिशात होते.

डॉमने सिगारेट पेटवली. एक झुरका घेतला, पंपाच्या फलकाकडे बघितलं, आणि सिगारेट मागे टाकून चालू लागला. मी पाहिलं, वेंडेल आयराकडे बघत होता. आयराने होकाराची मान डोलावली.

"कट!" प्रुइट ओरडले. "कट, कट! थांबवा हे!"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट आहे. कॅमेरा चालू असताना तो थांबवायचा शब्द एकच माणूस उच्चारतो, तो म्हणजे दिग्दर्शक. तो चांगला असो, वाईट असो, दारू प्यायलेला असो. घोडा उधळला, नटी रडायला लागली, निर्मात्याची बायको आली, तरी त्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत आपण आपलं काम करत राहायचं. मला हे लाइलने शिकवलं आणि लाइलला त्याच्या मुकादमाने. पगार कोण देतो याचा त्याच्याशी संबंध नाही.

माझे हात गाडीच्या दांड्यावर होते. मी मान न वळवता विचारलं, "लाइल?"

"तुला कोणाचा आवाज ऐकू आला का?" लाइल म्हणाला.

"प्रुइटचा."

"प्रुइट दिग्दर्शक आहे का?"

"नाही."

"मग ढकल."

मी ढकललं. वेंडेलने चावी फिरवली. पंपाच्या आतून आधी नुसता उजेड आला, मग खिडक्या गेल्या आणि छप्पर पेटलं. माझ्या तोंडाला आच लागली. डॉमने वळून बघितलं नाही. त्याच्या मोडक्या नाकाच्या एका बाजूला आगीचा रंग होता, दुसऱ्या बाजूला मावळतीचा. असा चेहरा मी त्या आधी कॅमेऱ्यासमोर पाहिला नव्हता. देखणा नव्हता, पण नजर हटत नव्हती.

तेवढ्यात प्रुइट धावले. कॅमेऱ्यासमोर जाऊन उभं राहिलं की शॉट मेला, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. कोणी त्यांना धरलं नसतं. रुळापाशी आले, एक पाय उचलला आणि थांबले. पाय पुढे गेला नाही. चालू शॉटमध्ये शिरायचं नाही, हे पोरवयात त्यांच्याही अंगात कोणीतरी भिनवलं होतं. टाय एका खांद्यावर गेलेला, ओठ हलत होते, आणि माणूस रुळाच्या अलीकडे खिळलेला. मी गाडी घेऊन त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा त्यांनी चक्क पाय मागे घेऊन मला वाट दिली.

रूळ संपले तिथे गाडी थांबली. डॉम कॅमेऱ्याच्या बाजूने निघून रस्त्याला लागला. कॅमेरा त्याच्याकडे वळला. तो लहान होत गेला. आयरा काही बोलेना. फिल्म संपून कॅमेरा नुसता फडफडायला लागला, तेव्हा कुठे तो हळूच म्हणाला, "कट."

प्रुइट त्याच्यापाशी गेले. आरडाओरडा नाही. "उद्या इथे दिसू नकोस," एवढंच म्हणाले.

"बरं," आयरा म्हणाला. मग तो आमच्याकडे आला आणि लाइलपुढे हात केला.

लाइलने हात मिळवला, पण लगेच सोडला. "तुझ्यासाठी नाही केलं," तो म्हणाला. "तुझा शेवट मला अजूनही पटत नाही."

"माहीत आहे," आयरा म्हणाला. "म्हणून तर आभार मानतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या खानावळीत डॉम न्याहारीला आला तो डोक्याचा चकोट करून. भुवयासुद्धा काढल्या होत्या. प्रुइट अंडी खात होते, त्यांचा काटा हातातच राहिला.

"उकाडा फार आहे हो, मिस्टर प्रुइट," डॉम म्हणाला आणि त्यांच्यासमोरचीच खुर्ची ओढून बसला.

पोलिसाचा शेवट घ्यायला पंप पुन्हा बांधता आला असता. नायकाचे केस लवकर उगवणार नव्हते. स्टुडिओवाल्यांनी आयराला काढलं, सिनेमा दुसऱ्याकडून जोडून घेतला, मधले काही तुकडे छाटले. पण शेवटासाठी त्यांच्याकडे एकच अखंड शॉट होता, आणि त्यात कुठे कात्री लावायला जागा नव्हती. प्रुइटची आरोळी तेवढी आवाजातून पुसावी लागली.

पुढच्या वसंतात लाइल आणि मी आमच्या बायकांना घेऊन बेकर्सफील्डच्या बाहेर, गाडीत बसूनच बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरात तो सिनेमा पाहायला गेलो. सगळीकडे पोरंपोरी, गाड्यांच्या टपांवर चढून बसलेली. लाइलची बायको पहिल्या अर्ध्या तासात म्हणाली, "हा माणूस काही मला आवडत नाही." तासाभराने ती पॉपकॉर्न खायची थांबली होती.

पंप पेटला. डॉम चालत रस्त्याने लांब गेला, ठिपका झाला, पडदा पांढरा झाला. मग एका गाडीचा भोंगा वाजला, मग दुसरीचा, आणि मग सगळं मैदानच वाजायला लागलं.

"त्याला पकडायलाच हवं होतं," लाइल गोंगाटातून माझ्या कानाशी म्हणाला. "माझं मत तेच आहे."

"आयराचा निरोप आलाय," मी म्हणालो. "दुसऱ्या कुठल्या कंपनीचा सिनेमा मिळालाय त्याला. आपली टोळी मागतोय."

"यातही चोरच आहे?"

"बँक लुटणारी बाई आहे म्हणे."

लाइलने मान हलवली, बराच वेळ, जसं काही जगाचं आता काही खरं नाही. मग बायकोच्या अंगावरून हात पुढे करून त्याने भोंगा दाबला आणि दाबून धरला.

"सांग त्याला, येतोय म्हणून," तो म्हणाला. "पण रूळ मी सांगेन तिथे टाकायचे."