इतर उपचार : नाही

वॉर्डात मला माझ्या मागे 'तोफ' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर बरी वाटायची ती पदवी. वीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढलीत मी. तिथे गोड बोलून कुणी ऐकत नाही.

मागच्या वर्षी हॉस्पिटलने पूरक उपचारांचं खूळ काढलं. म्हणजे मी तरी खूळच म्हणायचे. पायांना मालिश, सुगंधी तेल, श्वासाचे व्यायाम, आणि हे सगळं करायचं कुणी, तर आम्ही नर्सेसनी! शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "पेशंट घरचं काय काय घेत असतात. न रागावता विचारा. रागावलात तर लपवतील." मी मागच्या बाकावरून म्हटलं, "इंजेक्शनं द्यायला हात पुरत नाहीत, गप्पा कधी मारायच्या?" सगळ्या खो खो हसल्या. त्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

मग भरतीच्या फॉर्मवर एक रकाना वाढला. इतर उपचार : हो की नाही. सकाळी चहा पिता पिता मी वीसेक कोऱ्या फॉर्मवर 'नाही'समोर खूण करून गठ्ठा तयार ठेवायला लागले. वेळ वाचायचा. माझं बघून बाकीच्याही तेच करायला लागल्या.

त्या गठ्ठ्यातला एक फॉर्म शिंपीकाकांच्या बायकोला मिळाला. तिच्या पोटातली गाठ काढायची होती. काका किरकोळ अंगाचे, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ते आले तेव्हा मी शेजारच्या खाटेजवळ तोंड सोडलं होतं. तिथल्या मुलाने आईसाठी कसलातरी काढा आणला होता. "उचला ती बाटली, नाहीतर मोरीत ओतते! शिकलेसवरलेले ना तुम्ही? लाज नाही वाटत?"

मी वळले तर काकांच्या हातात एक छोटा डबा. "सिस्टर, एक विचारायचं होतं..."

"बोला लवकर."

डबा पिशवीत गेला. "काही नाही. पंखा जरा हळू होईल का?"

पंखा हळू केला आणि फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी न वाचताच सही केली, खाली मी माझी केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकू थरथरत होत्या. मेट्रनचा हुकूम होता म्हणून मी तेल घेऊन त्यांचे पाय चोळायला बसले. नडगीवर दोन-तीन निळे डाग होते. "कुठे आपटलात?" मी विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "लागत राहतं हो कुठे ना कुठे." मीही पुढे विचारलं नाही. हळूहळू त्यांची थरथर थांबली. म्हणाल्या, "तोफेचे हात एवढे मऊ असतील असं वाटलं नव्हतं. परत आल्यावर पुन्हा चोळाल?"

"चोळीन की. आधी या तर."

त्यांना आत नेल्यावर तासाभराने मी चादर बदलायला घेतली आणि उशीखालून तो डबा निघाला. तपकिरी पावडर, अर्धी संपलेली.

"हे काय आहे?" मी बाहेर जाऊन ओरडलेच.

काका उभे राहिले. "झाडपाल्याचं आहे. रक्त पातळ होतं, दुखणं उतरतं असं देणारे म्हणाले. दिवसातून तीनदा देत होतो. तिला खरंच आराम पडायचा हो."

मी धावत जाऊन थिएटरला फोन लावला. तिकडून सर्जन खेकसले, "आत्ता सांगताय? अर्धा तास झाला रक्त थांबत नाहीये! फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, खाली तुमची सही आहे!"

दुपारी अडीचला काकू गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत काकांना बोलावलं. मी भिंतीला टेकून उभी. माझी नोकरी आता या माणसाच्या एका वाक्यावर होती. मेट्रनने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "ही सही तुमचीच ना? सिस्टरनी तुम्हाला विचारलं होतं ना?"

काकांनी कागदावरच्या सहीवरून बोट फिरवलं. "विचारलंच असणार," ते म्हणाले. "माझंच लक्ष नसेल. तिच्याकडे बघत होतो मी. माझ्या हाताने गेली हो ती."

मेट्रनने सुटकेचा श्वास टाकला आणि पेनाचं टोपण लावलं. मी गप्प राहिले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण मी भिंत सोडून टेबलापाशी गेले. या माणसाने जन्मभर हे उरावर घेऊन जगायचं? का म्हणून?

"नाही विचारलं!" मी म्हणाले. "तुम्हाला नाही, कुण्णालाच नाही! ती खूण मी आधीच करून ठेवली होती! तुम्ही सांगायला आला होतात, ऐकताय का? तुम्ही सांगायला आला होतात!"

आवाज चढला. तो नेहमीच चढतो, मला दुसरा येतच नाही. काका खुर्चीत आक्रसून बसले. गळ्यातली टेप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चुकलं माझं सिस्टर," ते म्हणाले. "रागावू नका."