मधल्याचं उलटून घ्या

शिंपीमास्तरांचं पायमशीन न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता. मुलीनं ठरवून टाकलं होतं की बाबांनी दुकान बंद करायचं आणि तिच्याकडे राहायला यायचं. मास्तर हो म्हणाले होते. बायको गेल्यापासून ते सगळ्यालाच हो म्हणत. वाद घालायचा तो तिच्याशी, ती सवय तिच्याबरोबरच गेली.

पण सकाळी दवाखान्यातली नर्स आपला गणवेश न्यायला आली आणि जाता जाता सांगून गेली, की शेवटच्या दिवशी तुम्ही औषध आणायला खाली गेलात तेव्हा काकू भावांना मशीनबद्दलच काहीतरी सांगत होत्या. मास्तरांची कात्री कापडातच थांबली. ती विका म्हणाली असेल तर विकायचं. ठेवा म्हणाली असेल, तर नेणाऱ्याला मशीनसकट मास्तरांना उचलावं लागेल.

त्यांनी तिन्ही मेहुण्यांना बोलावून घेतलं.

हे मेहुणे म्हणजे एकेक नग. थोरला जन्मात खोटं बोललेला नाही. मधला जन्मात खरं बोललेला नाही. तो बाहेर ऊन आहे म्हणाला की मास्तर छत्री घेत. धाकटा तोंडाला येईल ते बोलतो. चहा घेणार का विचारलं तर हो म्हणतो, आणि कप पुढे केला की हा कुणाला, असं विचारतो. बायको या तिघांची मोठी बहीण. लग्न झाल्या झाल्या तिनं सांगून ठेवलं होतं, थोरला नसेल तर मधल्याला विचारा आणि उलटून घ्या, धाकट्याच्या नादी लागू नका. मास्तरांना ते लगेच पटलं. कापडही उलट्या बाजूनंच शिवायचं असतं, मग उलटून घ्यायचं.

थोरला आला तो गळ्याला फडकं गुंडाळून. घशाचं ऑपरेशन झालेलं, बोलायला बंदी, मान हलवायला बंदी. लिहून दे म्हटलं तर चष्मा घरी. मशीन विका म्हणाली का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हं." मग ठेवा म्हणाली का? "हं." हा हं होकाराचा, नकाराचा की नुसता दुखण्याचा, ते मास्तरांना कळेना. धाकटा तर प्रश्न संपायच्या आधीच हो म्हणाला आणि संपल्यावर नाही म्हणाला.

राहिला मधला.

"विका म्हणाली, दाजी."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उलटून घेतलं की ठेवा. ते मुलीला फोन लावणार, तेवढ्यात मधला कावराबावरा होऊन म्हणाला, "उलटून घेऊ नका. ताईनं त्याच दिवशी मला शपथ घातली. तेव्हापासून मी खरंच बोलतो."

मास्तर स्टुलावर टेकले. मी खरं बोलतो, हे तर हा आयुष्यभर म्हणत आलाय. खरोखर सुधारला असेल तरी दुसरं काय म्हणणार? त्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"हं," थोरला म्हणाला.

मग मास्तरांना सुचलं, की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारावं. मधल्याच्या अंगात त्यांनीच शिवलेला शर्ट होता. काखेत माप चुकलंय हे मास्तरांना माहीत होतं, पण मधला भेटेल तेव्हा त्या शर्टाची तारीफ करायचा.

"शर्ट कसा बसतो रे?"

मधल्याला घाम फुटला. "काखेत काचतो, दाजी. पहिल्या दिवसापासून. हात वर केला की जीव वर येतो."

म्हणजे खरंच बोलत होता. मास्तरांनी मशीनवरून हात फिरवला आणि बरं म्हणाले. विका तर विका.

"अहो, पुढचं ऐका की. तुम्ही विका का ठेवा एवढंच विचारताय. ताई म्हणाली, हे पायमशीन विका आणि मोटारीचं घ्या. गुडघा पार कामातून गेलाय, झोपेत कण्हतात, आणि दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात. म्हणाली, त्यांचंही मी उलटूनच घेते."

थोरला हं म्हणाला, आणि हा हं मात्र सगळ्यांना कळला.

थोड्या वेळानं मास्तरांनी मधल्याला सांगितलं, की मुलीला कळव, मशीन जाऊ दे, दुकान राहील. "आणि शर्ट काढ. माणूस येईपर्यंत काख सैल करून देतो."

त्यांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. गुडघा कटकन वाजला.

"दुखतंय, दाजी?"

"नाही," मास्तर म्हणाले.

मधल्यानं ते उलटून घेतलं, उघड्या अंगानं मशीनखाली बसला आणि दोन्ही हातांनी पायटा चालवू लागला.