तीन कमी करा

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातला एक जुना टेप आहे आणि माझी सुरुवात तीनपासून होते. मलावीतल्या एका बाजारात, दुकानाच्या ओट्यावर माझा धनी डेव्हिसन मशीन चालवायचा. कोळशाच्या इस्त्रीने माझं टोक जळालं, तेव्हा त्याने तीन सेंटीमीटर कापून टाकले. "तुझ्या टेपाने पोट वाढतं रे," म्हणून गिऱ्हाइकं चिडवायची. तो हसायचा आणि मनातल्या मनात तीन वजा करायचा.

त्याला एचआयव्ही होता. गोळ्यांनी अंगात ताकद आली, तशी त्याने गोळ्याच सोडल्या. काही महिन्यांनी डोकं दुखू लागलं, ते थांबेचना. एकदा त्याला सुईला दोन नेढी दिसली. दोरा काही ओवेना. मी फार घाबरलो.

बायको तियामिके त्याला इस्पितळात घेऊन गेली. मी गळ्यातच होतो.

"गोळ्या सोडल्या, म्हणून मेंदूच्या आवरणात बुरशी वाढलीय," एल्युबे सिस्टर म्हणाली. "आत पाणी तुंबलंय. पाठीत सुई घालून काढावं लागेल."

"नको हो सिस्टर. शेजारणीचं पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली," तियामिके म्हणाली.

"तिला आणलं कधी होतं?"

"शुद्ध हरपल्यावर."

"मग ती सुईने नाही गेली, बाई. उशिराने गेली. हा अजून बोलतोय."

तियामिकेने होकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसत बाहेर गेली.

वॉर्डातला टेप हरवला होता, म्हणून सिस्टरने मलाच घेतलं. पाठीतल्या सुईला जोडलेली नळी उभी धरली आणि पाण्याचा दाब मोजायला मला तिच्याशेजारी लावलं. पाणी चढत चढत एक्केचाळीसवर थांबलं. ते विसाच्या आत हवं होतं. मी तीन जास्त दाखवतो, हे सांगायला मला तोंड नव्हतं. पण अडतीससुद्धा वाईटच. सिस्टरने पाणी काढलं, शिरेतून औषध सुरू केलं.

मग रोज सुई, रोज पाणी, रोज मोजमाप. चौथ्या दिवशी तियामिके आत थांबली. तिनेच मला नळीशी धरलं.

"बावीस." सिस्टरचा चेहरा उतरला.

"तीन कमी करा," तियामिके म्हणाली. "त्याचं टोक जळालंय."

"म्हणजे एकोणीस."

कुशीवर पडलेला डेव्हिसन पुटपुटला, "बायको मापं घ्यायला शिकली. आता माझं दुकान गेलं."

डेव्हिसन बरा होऊन घरी आला. आता दुकान बंद झालं की मी घरात खिळ्यावर असतो, खाली गोळ्यांची डबी. मित्रांनो, बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका, आणि सुईच्या भीतीने उशीर करू नका. रोज संध्याकाळी तो गोळी घेतो, तेव्हा ती डबी खुळखुळते. आज अजून खुळखुळलेली नाही. तियामिके दारातून त्याला गोळीसाठी हाक मारते आहे.