माझ्या पोटातला पत्ता

मी उत्तरेश्वरचा फोटो बोलतोय. नेकनूरच्या स्टँडवर ‘हरवला आहे’ लिहिलेल्या कागदावर निळ्या कोटातला माणूस दिसतो ना, तोच मी. उत्तरेश्वरनं जन्मात कधी कोट घातला नव्हता.

माझा जन्म उसाच्या फडात झाला. ऊसतोडीच्या टोळीतल्या बंकटनं आपल्या मोबाइलवर मला काढलं. मोळीवर पाय, हातात कोयता, डोक्यात पाचटाचा कचरा, असा उत्तरेश्वर हसत उभा होता. मोबाइल नवा घेतला तेव्हा बंकटनं तो विचारेल त्याला ‘हो’ म्हणत सगळी बटणं दाबली होती. म्हणून कॅमेऱ्यानं माझ्या पोटात तारीख, वेळ आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले. बाहेरून ते कुणाला दिसत नसत. मला मात्र त्यांचा उगाच तोरा होता.

त्याच संध्याकाळी त्या फडातून तंबाखू आणायला गेलेला उत्तरेश्वर परत आलाच नाही. टोळी तेव्हा दोन जिल्ह्यांच्या शिवेवर रोज फड बदलत होती. मुकादम एका गावाचं नाव सांगायचा, बंकट म्हणायचा, नदीकाठ होता. इकडचे पोलीस म्हणाले ती तिकडची हद्द, तिकडचे म्हणाले इकडची. फड नेमका कुठला ते ठरल्याशिवाय कुणी जागचं हलेना.

मग घरच्यांनी ठरवलं, आपणच कागद छापून लावू. बंकटनं मला उत्तरेश्वरच्या आईला, चंद्रभागाबाईला दाखवलं. तिनं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “माझं लेकरू पाचटात नगं दिसाया. लोक म्हणतील ऊसतोड्या हाय, जाऊ द्या. चांगला बनवून आण बाबा, म्हंजी लोक शोधतील.”

लोकांबद्दल तिचं काही चुकलं नव्हतं.

आमच्याकडं लग्नाचा असो की वर्षश्राद्धाचा, फोटो स्टुडिओतून ‘बनवून’ घेतात. नेकनूरच्या स्टुडिओवाल्यानं कोयता काढला, ऊस काढला, कोट चढवला आणि मागं कपिलधारचा धबधबा लावला, कारण आईनं तिथंच नवस बोलला होता. मनापासून केलं बिचाऱ्यानं. जुना ठेवू का, असंही विचारलं. बंकट म्हणाला, “कावून ठेवायचा? मोबाइल लई भरलाय.” झालं. स्टुडिओवाल्यानं मोबाइलमध्ये जुन्यावरच नवा फोटो चढवला, आणि त्या एका बोटानं माझं पोट रिकामं झालं.

उत्तरेश्वरची धाकटी बहीण वर्षाराणी बीडला कॉम्प्युटर शिकते. महिनाभरानं प्रॅक्टिकलमध्ये त्यांना एक तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, शिकवली. चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला की ती फोटोच्या पोटातलं सगळं वाचून दाखवते. पोरगी तास सोडून मिळेल त्या गाडीनं घरी आली. आधी टोळीच्या ग्रुपवर आलेली माझी नक्कल तपासली. ग्रुपवर फोटो हलका होऊन जातो, तिच्यात काहीच उरलेलं नव्हतं. मग बंकटला बोलावून त्याचा मोबाइल लॅपटॉपला जोडला. चंद्रभागाबाई पदराचं टोक मुठीत धरून शेजारी बसली.

लायब्ररी इमानदार. होतं तेवढं तिनं वाचलं. फोटो बनवायच्या सॉफ्टवेअरचं नाव आलं, बनवल्याची तारीख आली. जागेपुढं काहीच आलं नाही. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वर्षाराणीनं विचारल्यावर बंकटनं खाली मान घालून सगळं सांगितलं.  चंद्रभागाबाईनं विचारलं, “म्हंजी म्या ते उसातलं पुसाया लावलं म्हणून?”

“न्हाई आई. मशीनच खराब हाय,” वर्षाराणी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

आईनं ते मानलं की नाही, मला सांगता येणार नाही.

तो फड मी या डोळ्यांनी पाहिलाय हो. बांधावर एक वाकडी बाभूळ होती, पलीकडं पाट वाहत होता. पण अशा बाभळी आणि असे पाट किती! नाव-गाव सांगणारे आकडे गेले, आता मला विचारून उपयोग नाही. एवढंच मागतो, तुमचं माणूस हरवलं तर त्याचा फोटो मळका आहे तसाच राहू द्या.

चंद्रभागाबाई दर बाजारच्या दिवशी स्टँडवर येते. माझ्यासमोर उभी राहून कोटाची बाही नखानं खरवडत बसते. खाली अजून ऊस असेल असं तिला वाटतं. परवा बाही फाटली, आणि खाली भिंत लागली.