दक्षिणेची जागा

मानमोडीच्या साथीनं निम्मं गाव रिकामं केलं आणि उरलेलं निम्मं मासेबुवाच्या परातीभोवती गोळा झालं. निजामाच्या अमलात गेवराईकडच्या या गावी औषध काही पोचलं नाही. बुवा मात्र वेळेवर पोचला.

पितळी परातीत पाणी, पाण्यात लाकडी मासा. "मच्छिंद्राचा मासा हाय! चेटकीण बराबर वळखतो. कचेरीवानी लाच खात न्हाई!" बुवानं आरोळी ठोकली, तसे भेदरलेले लोकही हसले.

सारजाबाईला हसू कुठून येणार? याच साथीत दोन नातवंडं पुरून आलेली ती बाई, आणि आज तिलाच चेटकीण म्हणून दक्षिणेला बसवलेलं. दक्षिण यमाची, तिथं दुसरं कोण बसेल? पूर्वेची मानाची जागा आप्पा पाटलांची. मासा गरगरला, थबकला. तोंड थेट सारजाबाईकडं. मागच्या खेपेला ते असंच जानकीबाईकडं वळलं होतं, आणि गावानं तिला दगड मारत वेशीबाहेर घालवलं होतं.

"काढा हिला!" पाटील गरजले.

"थांबा," शाळेचे पंडित मास्तर पुढं झाले. "आप्पा, तुमी बसा बरं दक्षिणेला."

"मी कावून बसू? मी काय चेटूक केलं?"

मास्तरांनी मासा उचलला आणि अडकित्त्यानं त्याचं पोट उकललं. आतून तोंडापासून शेपटीपर्यंत उभी बसवलेली पोलादी सुई निघाली. ती माशाच्या पाठीवर आडवी ठेवून त्यांनी मासा पुन्हा पाण्यात सोडला. मासा वळला आणि पूर्वेलाच बसलेल्या पाटलांकडं बघू लागला. पाटील ताडकन उठले.

"भिऊ नका. सुई चुंबकावर घासलेली हाय. तिची ओढ लांबीतच मुरलीया, ती उत्तर-दक्षिणच धरती. उभी ठेवली की माशाचं तोंड दक्षिणेला, आडवी ठेवली की पूर्वेला. दक्षिणेला बाई तर तुमीच बसवता. बुवाला बोटबी हालवावं लागत न्हाई."

"पर लोखंडाला दिशा कशी कळती?" एकानं विचारलं.

"लोखंडाच्या आत काय घडतं, ते शिकल्यासवरल्यांनाबी अजून पुरतं उमगलं न्हाई. म्हणून काय बाईला दगड मारायचे?"

गडबडीत बुवा पसार झाला. लई लबाड निघाला म्हणत लोक धोतरं झटकून उठू लागले. दगड जणू बुवानंच मारले होते!

सारजाबाई मात्र उठली नाही. "मी सुटले. जानकी कुटं हाय?"

जानकीबाई नदीच्या वाळूत मरून पडलेली सापडली होती. सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुन्हा कुणाला हितं बसवायचं झालं," सारजाबाई म्हणाली, "तर आदी एकदा सोता बसून बघा."