चाकं वाजली की

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसलं आलंय आयुष्य? माणसं बसली, उठली, झालं. पण माझी चाकं वाजली की भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पाय, निळं रेक्झिन आणि पाठीला छान बाक. आपण एखाद्या बड्या साहेबाच्या केबिनमध्ये मिरवणार, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात वाट्याला आली प्रसूती रुग्णालयातली, जिन्याजवळची एक लहानशी खोली. एक टेबल, पाण्याचा जग, समोर तीन साध्या खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा. तो डबा सारखा रिकामा होई. इथे मिरवायला फारसा वाव नाही, हे मी त्यावरूनच ओळखलं.

माझ्यावर समुपदेशक ताई बसत. आईवडिलांकडून बाळाला कोणते आजार येऊ शकतात, पोटातल्या बाळाची कोणती तपासणी करता येते, तिच्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्या घरच्यांना समजावून सांगत. निर्णय मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. "तुमच्या जागी मी असते तर" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नाहीत.

त्यांची एक सवय होती. बातमी चांगली असली की त्या टेबलामागूनच हसून सांगत. वाईट असली की मला सरकवत, टेबलाला वळसा घालून, समोर आलेल्या बाईच्या शेजारी येऊन बसत. जड गोष्ट लांबून सांगू नये, एवढाच त्यामागचा विचार. पण माझं एक चाक मेलं करकरायचं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. आतून कोणी बाहेर आलं की त्या आधी विचारत, चाकं वाजली नाहीत ना? मी कोणाचं काय वाकडं केलं होतं? पण बदनाम झाले ती झालेच.

शिवणकाम करणारी एक बाई मला चांगली आठवते. तिची मुलगी फिकट दिसायची, खेळता खेळता दमून बसायची. घरात तिला पिटुकली म्हणत. तिच्या रक्ताची तपासणी झाली आणि मी करकरत त्या बाईच्या शेजारी गेले. पिटुकलीला रक्ताचा आजार होता, जन्मभर नेमाने दुसऱ्याचं रक्त द्यावं लागणार होतं. त्या दिवशी त्या बाईने माझा हात इतका घट्ट धरला की रेक्झिनला तिची नखं उमटली.

काही वर्षांनी ती पुन्हा आली. तिला दिवस गेले होते. सोबत वायरमन नवरा आणि सासूबाई होत्या. ताईंनी दोन कापडी पिशव्या काढल्या. एक आईची, एक बाबांची. प्रत्येकीत एक पांढरं बटण आणि एक लाल. बाळ दोन्ही पिशव्यांतून एकेक बटण घेतं. दोन्ही लाल आली तर आजार. एकच लाल आलं तर बाळ आईबाबांसारखंच धडधाकट, फक्त दोष अंगात लपलेला. हिशेबाने चारांतून एकदा दोन्ही लाल येतात.

सासूबाईंचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, मग चारांतलं एक तर पिटुकलीच्या रूपाने होऊन गेलं, आता पुढची तिन्ही सुखरूप. ताईंनी बटणं पुन्हा पिशव्यांत टाकली आणि दर वेळी पिशव्या अशाच भरलेल्या असतात, मागचं त्यांना काही आठवत नाही, असं सांगून पिशव्या त्यांच्यापुढे धरल्या. सासूबाईंनी हात घातला. दोन्ही बटणं लाल आली. त्यांनी ती चटका बसल्यासारखी टेबलावर टाकली.

गर्भजलाची तपासणी करायचं ठरलं. पोटातून सुईने थोडं पाणी काढतात, त्यावरून बाळाला आजार आहे का ते कळतं. त्यातला धोकाही ताईंनी लपवला नाही. रिपोर्ट येईपर्यंत त्या घराचा जीव टांगणीला लागला. सासूबाई घरी एकच धोशा लावून होत्या, असलं दुखणं असेल तर हे बाळ नको. सून हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मशीनवर बसे आणि उलटसुलट टाके घाली, असं तिचा नवरा ताईंना म्हणाला होता.

तो दिवस उजाडला. ती समोर बसली, बाजूला सासूबाई. नवऱ्याला बसवेना, तो भिंतीला टेकून उभा राहिला. ताईंनी पाकीट उघडलं. वाचलं. आणि मला मागे ढकललं. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, आधी बोला. पण खुर्चीला तोंड कुठलं? मी करकरत टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले.

ती ताडकन उठली. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"कळलं मला, ताई. दोन्ही लाल आहेत." मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही म्हणता हे नको. मग पिटुकलीला काय सांगू? की तूसुद्धा नकोच होतीस? आणि हवं म्हणू, तर आणखी एका लेकराला सुया टोचताना कुठल्या तोंडाने बघू?"

सासूबाईंनी मान खाली घातली.

"बसा," ताई म्हणाल्या. "दोन्ही लाल नाहीत. एक लाल आहे, एक पांढरं. बाळ तुमच्या दोघांसारखं आहे. त्याला तो आजार नाही."

नवरा भिंतीवरून घसरत खाली फरशीवर बसला. सासूबाई पदराने तोंड झाकून हुंदके देऊ लागल्या. ती मात्र उभीच होती. तिचा विश्वासच बसेना.

"मग तुम्ही जवळ का आलात?" तिने विचारलं. "चाकं वाजली की बातमी वाईट, असं बाहेर सगळ्या म्हणतात."

लपलेला दोष म्हणजे काय, हे नीट, शेजारी बसून समजावावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. बाकावरच्या बायकांना काय कळलेलं आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

त्यानंतर ताईंनी टेबल भिंतीला लावून टाकलं. कोणीही आलं की त्या आधी मला सरकवून जवळ बसत, मगच पाकीट उघडत. बातमी कोणतीही असो. माझी चाकं दिवसभर फिरून झिजली, रेक्झिन फाटलं, पण माझी धास्ती गेली. वाईट बातम्या त्यानंतरही आल्याच, त्या काही टळल्या नाहीत. पण त्या ऐकण्याआधीच कोणी मरणाची वाट बघितल्यासारखं बसेना.

आता मी भंगारात जाणार आहे. नवी खुर्ची आली आहे, तिची चाकं आवाज करत नाहीत. परवा ती शिवणकामवाली लेकरांना घेऊन भेटायला आली. पिटुकली आता उंच झाली आहे, नुकतंच रक्त चढवून आली होती, हाताला पट्टी होती. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती माझ्यावर बसली आणि पायाने रेटा देऊन खोलीभर फिरली. मी जिवाच्या आकांताने करकरले. कोणाचाही चेहरा उतरला नाही.

मित्रांनो, मला तेल घालू नका, माझी पाठ शिवू नका, माझं आता भागलं. एक मात्र करा. आपल्या माणसाजवळ नुसतं वाईट सांगायला जाऊ नका. एरवीही खुर्ची ओढून जवळ बसत जा, म्हणजे तुम्ही जवळ आलात की त्याला भीती वाटणार नाही.