केसकरांची आवड

‘सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन’ म्हणून दिगंबर केसकरांनी एका सिनेमातल्या स्वयंपाकघराला पसंती दिली आणि मॅटिनी सुटल्यावर ते घरी आले, तर त्यांच्या घरातलं स्वयंपाकघर नव्हतं. जिथे दार होतं तिथे रंग दिलेली भिंत होती. हेमलताबाईंनी नेहमीसारखा चहा आणून दिला.

“कुठे केलास?” केसकरांनी विचारलं.

“स्वयंपाकघरात.”

“ते कुठंय?”

“तुम्हीच नाही का बघून आलात? आवडलं म्हणालात.”

चहा गरम होता. केसकर बायकोकडे बघत राहिले. आवडल्याचं ते कुणाजवळच बोलले नव्हते.

मिरजेत सिनेमाचा एवढा नाद दुसऱ्या कुणाला नव्हता. पुरस्कार सोहळा आला की केसकरांची पसंती आधी ठरायची, परीक्षकांची नंतर. यंदा तो एकच सिनेमा त्यांच्या मनात भरला होता. ते पुन्हा बघायला गेले. पडद्यावरच्या ओट्याशी पोचा पडलेलं त्यांचंच पातेलं होतं. खिडकीतून शेजारच्या तेलंगांचा शेवगा दिसत होता. कॅमेरा फार सुरेख फिरत होता. आवाज तर त्याहून छान टिपले होते: फोडणीची चुरचुर, बांगड्यांची किणकिण. वा, असं त्यांच्या मनात आलं मात्र, त्यांनी जीभ चावली.

घरी हेमलताबाई कपडे वाळत घालत होत्या. बांगड्या हलत होत्या, पण वाजत नव्हत्या. चेहरा मात्र खुलला होता, माहेरी निघाल्यासारखा.

“तुझं काय चाललंय?” केसकर म्हणाले.

“माझं काय चालणार? तुमचंच चाललंय.”

मग त्यांनी पसंतीच बंद करायचं ठरवलं. सिनेमाकडे फिरकायचं नाही, विषय काढायचा नाही. बायको उठली की तेही उठत. ती भिंतीशी गेली की तेही भिंतीशी जाऊन उभे राहत. तिच्या पदराला भाजलेल्या धन्यांचा वास येई. घरात धने नव्हते.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी तेलंग दरवर्षीप्रमाणे आले.

“बोला केसकर, सहायक अभिनेत्री कोण?”

“अजून ठरलं नाही.”

“सांगा की,” हेमलताबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं सांगताय. मलाही ऐकू दे.”

त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. केसकरांनी भलत्याच सिनेमातल्या भलत्याच बाईचं नाव घेतलं. तेलंगांनी मान डोलावली. पण केसकरांच्या डोळ्यांपुढे ओट्याशी पाठमोरी उभी राहणारी ती बाई आली. सबंध सिनेमात ती एकदाही वळत नाही, नुसती पाठ बोलते. तिच्यासारखं काम यंदा कुणीच केलं नव्हतं, हे त्यांना मनापासून ठाऊक होतं.

“वहिनी कुठे गेल्या?” तेलंगांनी विचारलं.

केसकर चपला न घालताच थिएटरकडे धावले. मॅटिनी सुरू झाली होती. पडद्यावर ती बाई वळली होती. हेमलताबाई जमिनीवर बसून दोन पानं वाढत होत्या. आतून एक अनोळखी गृहस्थ आला, ओले हात पंच्याला पुसत पाटावर बसला आणि म्हणाला, “आज बेत काय?”

“तुमच्या आवडीचा,” त्या म्हणाल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसकर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि दोन्ही हातांनी पडदा ठोकू लागले. कापड असूनही तो लाकडासारखा वाजला. आत हेमलताबाईंनी मान वर केली. त्या उठल्या, हात पुसत जवळ आल्या, आणखी जवळ आल्या. शेवटी सगळ्या पडद्यावर त्यांचा एक डोळा तेवढा उरला. तो केसकरांच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरला.

“कोण आहे गं?” पाटावरून आवाज आला.

“कुणी नाही,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि डोळा मिटला.